संमती कोणाची? : शिरूरचे प्रकरण आणि दिव्यांग-हक्कांची वकिली

१. विषयप्रवेश

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांचा उल्लेख कायद्याच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. घोड नदीकाठचे शिरूर हे पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील बाजारपेठ म्हणून परिचित आहे. भीमेकाठचे दौंड हे मनमाडकडून येणारा लोहमार्ग मुंबई–सोलापूर मार्गास जेथे मिळतो ते जंक्शन म्हणून. तथापि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आपल्या देशात कसा घडत गेला आणि त्या कायद्याची वकिली करणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून घ्यावयाचे असेल, तर या दोन गावांपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. शिरूरने माणसाच्या शरीरावरील अधिकाराचा प्रश्न पुढे आणला. दौंडसारख्या रेल्वेच्या गावी तोच प्रश्न उपजीविकेच्या रूपाने उभा राहतो. वरवर पाहता हे दोन प्रश्न भिन्न आहेत, पण मूळ पाहू गेल्यास ते एकच होत. एखाद्या व्यक्तीविषयीचा निर्णय तिला न विचारता दुसऱ्या कोणी घ्यावा काय, आणि घेतलाच तर कोणत्या अधिकाराने?

संज्ञांविषयी प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट आहे. १९९५ च्या अधिनियमाच्या मराठी नावात ‘अपंग’ हा शब्द आहे, २०१६ च्या अधिनियमाच्या नावात ‘दिव्यांग’. ‘मतिमंद’ हा शब्द आज शास्त्रीय व्यवहारातून मागे पडला असून त्याच्या जागी ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ ही संज्ञा रूढ होत आहे. प्रस्तुत लेखात जुन्या कायद्यांची व संस्थांची नावे सांगताना जुना शब्द येतो, तो केवळ ऐतिहासिक अचूकतेसाठी.

२. शिरूर, १९९४

१९९४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात शिरूर येथील मतिमंद मुलींच्या शासकीय निवासी संस्थेतील दहाहून अधिक मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांच्यापैकी काही सज्ञान स्त्रिया होत्या. या मुलींना मासिक पाळीच्या काळात स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण सांगण्यात आले. वृत्त प्रसिद्ध होताच स्त्री-संघटना व आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्ते यांनी तीव्र निषेध केला, पुढील शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या, आणि प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेण्यात आला.

शस्त्रक्रियेचे समर्थन करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे गृहीत धरण्याचे कारण नाही. अपुरे परिचर, स्वच्छतेच्या अपुऱ्या सोयी आणि आईवडिलांची भीती ही सर्व खरीच होती. परंतु या युक्तिवादाचे पृथक्करण केले की त्यातील दोष स्पष्ट होतो. परिचर अपुरे असणे हा संस्थेचा दोष होय, आणि त्याचा उपाय मात्र मुलींच्या शरीरावर करण्यात आला. पाळीच्या काळातील स्वच्छता ही बहुसंख्य मुलींना धीराने शिकविता येण्याजोगी गोष्ट आहे, पण शिकविण्यास माणसे लागतात आणि वेळ लागतो. लैंगिक अत्याचारातून गर्भधारणा होईल या भीतीचे उत्तरही शस्त्रक्रिया हे नव्हे. तिने अत्याचार टळत नाही, उलट तो उघडकीस येण्याचा एक मार्ग बंद होतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची बाब निराळीच होती. ज्यांच्या शरीरावर शस्त्र चालले त्यांची स्वतःची संमती कोणीही आवश्यक मानली नाही. ती त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी दिली आणि ती पुरेशी समजली गेली. ‘तिला काय कळते?’ हा प्रश्न विचारला गेला, परंतु तो उत्तर मिळविण्यासाठी विचारलेला नव्हता.

३. तत्कालीन कायद्यातील पोकळी

त्या वेळी कायदा काय होता? १९१२ चा भारतीय वेडेपणाविषयीचा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने रद्द केला, आणि हा नवा अधिनियम १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. त्यात ‘मानसिक रुग्ण’ या संज्ञेची व्याख्या करताना मतिमंदत्व स्पष्टपणे वगळण्यात आले. हा भेद शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता, कारण मतिमंदत्व हा रोग नव्हे. पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, सज्ञान मतिमंद व्यक्तीसाठी पालक नेमण्याची वैधानिक वाट बंद झाली. अज्ञानांसाठी १८९० चा पालक व पाल्य अधिनियम होता. वयाची अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मतिमंद स्त्रीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार मात्र कोणत्याही अधिनियमाने आईवडिलांस, अधीक्षकास वा शासनास स्पष्टपणे दिलेला नव्हता. शिरूरच्या शस्त्रक्रिया या पोकळीत घडल्या. कोणासही नसलेला अधिकार सर्वांनी मिळून वापरला, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

अन्य देशांतील न्यायालयांपुढे हा प्रश्न तत्पूर्वीच येऊन गेला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात, बुद्धीने कमी ठरविलेल्या स्त्रीचे सक्तीने निर्बीजीकरण करण्यास मुभा देणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरविला. त्या निर्णयाची गणना आज न्यायालयीन इतिहासातील लज्जास्पद निर्णयांत होते. याउलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ‘इव्ह’ प्रकरणी असे ठरविले की, उपचाराची गरज नसताना निर्बीजीकरणास परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या पालकत्वाच्या कल्पनेतून न्यायालयासही प्राप्त होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ‘मॅरियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात, असा निर्णय आईवडिलांच्या नेहमीच्या अधिकारात बसत नाही, त्यासाठी न्यायालयाची अनुज्ञा हवी, असे सांगितले. म्हणजे शिरूरच्या घटनेच्या वेळी जगात या विषयाचे विधिशास्त्र बऱ्याच अंशी तयार होते. ते रुग्णालयाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविणारा वकील मात्र नव्हता. या लेखाचा विषय तोच वकील आहे.

४. संमतीचे विधिशास्त्र

पुढील काळात भारतीय कायद्याने ही पोकळी टप्प्याटप्प्याने भरावयास घेतली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असणाऱ्या व्यक्तींसाठी पालक नेमण्याची तरतूद केली, आणि ते काम स्थानिक स्तर समितीकडे सोपविले. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी या समितीची रचना आहे.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा’ या खटल्यात दिलेला निर्णय दिव्यांगत्वाशी संबंधित नसला तरी आपल्या विषयाला अत्यंत जवळचा आहे. रुग्ण स्त्री भुलीच्या अमलाखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. न्यायालयाने म्हटले की, सज्ञान व सक्षम स्त्रीच्या वतीने अशी संमती आईही देऊ शकत नाही. रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य होते, आणि म्हणून थांबणे आवश्यक होते. हा निर्णय शिरूरच्या घटनेशेजारी ठेवून पाहावा. एका स्त्रीच्या बाबतीत काही तासांची वाट न पाहणे हा कर्तव्यभंग ठरला, तर दुसरीच्या बाबतीत विचारण्याचीच आवश्यकता कोणास भासली नाही. दोघींच्या शरीरात कोणताही फरक नव्हता. फरक होता तो ‘सक्षम’ या एका शब्दाचा, आणि तो शब्द कोणी, कशाच्या आधारे लावावयाचा हा दिव्यांग-हक्कांच्या कायद्यातील गाभ्याचा प्रश्न होय.

त्यास पहिले स्पष्ट उत्तर २८ ऑगस्ट २००९ रोजी ‘सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगढ प्रशासन’ या निर्णयात मिळाले. चंदीगढच्या शासकीय निवासगृहातील एका मतिमंद तरुणीवर अत्याचार होऊन ती गरोदर राहिली होती, आणि उच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमात पालकाची संमती चालते ती अज्ञान किंवा मानसिक रुग्ण स्त्रीच्या बाबतीत, आणि २००२ च्या दुरुस्तीने ‘मानसिक रुग्ण’ या संज्ञेतून मतिमंदत्व वगळले आहे. सबब या तरुणीची स्वतःची संमती आवश्यक होती. शिरूरच्या वेळी ज्या वगळण्यामुळे पोकळी निर्माण झाली, तशाच वगळण्याचा अर्थ येथे हक्काचे संरक्षण असा लावला गेला. एकाच स्वरूपाच्या शब्दयोजनेतून दोन विरुद्ध परिणाम निघू शकतात आणि तो फरक वकिलाच्या मांडणीने पडतो, याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यास सापडणे कठीण.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. कराराच्या बाराव्या अनुच्छेदाने प्रत्येक दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता मान्य केली आहे. तदनुसार झालेला दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही. कलम १४ ने पूर्ण पालकत्वाऐवजी, व्यक्तीशी विचारविनिमय करून चालणाऱ्या मर्यादित पालकत्वाची कल्पना स्वीकारली.

५. दौंड : उपजीविकेचा प्रश्न

शरीराविषयीचा निर्णय दुसऱ्याने घेण्याची जी प्रवृत्ती शिरूरच्या प्रकरणात दिसली, तीच नोकरीच्या क्षेत्रात ‘अपात्र’ या शिक्क्याच्या रूपाने वावरते. दौंडचे उदाहरण घेऊ. या गावाचा मोठा व्यवहार रेल्वेभोवती फिरतो. रेल्वेत दृष्टी व प्रकृतीच्या कसोट्यांनुसार पदांच्या ‘ए-वन’पासून ‘सी-टू’पर्यंत वैद्यकीय श्रेणी ठरलेल्या आहेत. गाडी चालविणाऱ्यास सर्वांत वरची श्रेणी लागते. नोकरीत असताना दृष्टी अधू झाली किंवा अपघातात पाय गेला, तर कर्मचारी त्या श्रेणीतून खाली येतो. त्या दिवशी तो गाडी चालविण्यास अयोग्य ठरतो यात वाद नाही. परंतु तो कोणत्याच कामास योग्य राहिला नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

हा फरक कायद्याने मान्य केला तो १९९५ च्या अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढता येणार नाही वा त्याचा हुद्दा कमी करता येणार नाही. त्यास त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे, आणि असे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ‘कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात पाय गमावलेल्या शिपायास या कलमाचा लाभ दिला, आणि अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळाले म्हणून हा हक्क नष्ट होत नाही असे स्पष्ट केले. आज हीच तरतूद २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २० मध्ये आहे. मात्र कामाचे स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेस सूट देण्याचा अधिकार शासनाने राखून ठेवला आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. हे संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे. रेल्वेच्या कर्मचाऱ्यास ते मिळते, पण दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या किंवा शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील खासगी कारखान्यात यंत्रात हात सापडलेल्या कामगारास ते मिळत नाही. अशा कामगारास नुकसानभरपाई मिळू शकते. तिचा आधार पूर्वी १९२३ च्या अधिनियमात होता, तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. परंतु भरपाई आणि नोकरी या दोन भिन्न वस्तू होत. पहिली गेलेल्या हाताची किंमत ठरविते, दुसरी उरलेल्या माणसाची दखल घेते. २०१६ च्या अधिनियमाने खासगी आस्थापनांसही समान संधीचे धोरण जाहीर करण्यास सांगितले आहे. त्या धोरणाच्या कागदातून कामगाराच्या पदरात काय पाडून घेता येईल, हे पुष्कळसे वकिलाच्या कल्पकतेवर अवलंबून आहे.

६. तालुक्याच्या न्यायालयातील काम

दिव्यांग-हक्कांची वकिली म्हणजे सर्वोच्च न्यायालयातील गाजलेल्या याचिका, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. या वकिलीचा मोठा भाग तालुक्याच्या ठिकाणीच करावयाचा असतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळविणे, टक्केवारी चुकीची लावली असल्यास तिला आव्हान देणे, शाळेने नाकारलेला प्रवेश मिळवून देणे, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाचा ५ टक्के निधी प्रत्यक्ष खर्च झाला की नाही हे पाहणे, महामार्गावरील अपघाताच्या दाव्यात शारीरिक टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट यांतील भेद न्यायाधिकरणास पटवून देणे, ही कामे रोजची आहेत. शेवटच्या मुद्द्यावर ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ (२०११) हा निर्णय वकिलाने पूर्ण आत्मसात केला पाहिजे. एकाच दुखापतीने कारकुनाची कमाई फारशी घटत नाही आणि सुताराची जवळजवळ संपते, हे तत्त्व त्यात सविस्तर उलगडले आहे.

साधने नाहीत असेही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीची तरतूदही त्याच अधिनियमात आहे, आणि तालुक्यातील ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. आयुक्तांस साक्षीदार बोलाविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांची शिफारस संबंधित प्राधिकरणाने मान्य केली नाही, तर तीन महिन्यांच्या आत कारण कळवावे लागते. हे अधिकार शिफारशीपुरते असले तरी लेखी कारण मिळणे हे वकिलाच्या दृष्टीने थोडे नव्हे, कारण पुढील याचिका त्याच कारणावर उभी राहते.

कौशल्याचा विचार करता, या वकिलास सर्वप्रथम आपल्या पक्षकाराशी बोलता आले पाहिजे. हे सोपे वाटते, पण तसे नाही. बहिऱ्या पक्षकारासाठी खुणांच्या भाषेचा दुभाषा, अंध पक्षकारासाठी वाचता येईल असा कागद, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या पक्षकारासाठी सोपी वाक्ये आणि पुरेसा वेळ लागतो. सोबत आलेल्या भावाशी किंवा वडिलांशी बोलून वकालतनामा भरून घेणे वेगाचे काम असते, आणि नेमक्या त्याच क्षणी शिरूरची चूक लहान प्रमाणावर पुन्हा घडते. नातेवाइकाचे हित व पक्षकाराचे हित बहुधा एकच असते, परंतु मालमत्तेच्या वाटपात, विवाहाच्या प्रश्नात आणि संस्थेत ठेवण्याच्या निर्णयात ते नेहमीच एक असते असे नाही.

७. व्यवसाय आणि माणसे

या क्षेत्रात दिव्यांग वकिलांनी स्वतः उभे केलेले काम लक्षणीय आहे. साधन गुप्ता हे अंध वकील १९५३ च्या पोटनिवडणुकीत कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले आणि १९८६ मध्ये पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. दिल्लीचे अंध ज्येष्ठ वकील संतोषकुमार रुंगटा यांचे नाव राष्ट्रीय अंध महासंघाच्या न्यायालयीन लढ्याशी जोडलेले आहे. दिव्यांगांचे आरक्षण केवळ निवडक पदांवर नव्हे तर संवर्गातील एकूण जागांवर मोजले पाहिजे, हा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्या महासंघाच्या प्रकरणातील आहे. आपल्या राज्यातील नागपूरचे राहुल बजाज यांनी तेथील विद्यापीठाची कायद्याची पदवी व पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळविली, आणि संगणकीय सेवा दृष्टिहीनांस वापरता याव्यात या कामास वाहून घेतले. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्टची स्थापना करून मानसिक दिव्यांगत्वाचा प्रश्न हक्कांच्या भाषेत मांडला. त्या २०२४ मध्ये निवर्तल्या. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांस न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. त्यामुळे दिव्यांग व्यक्ती आता या न्यायालयांत केवळ पक्षकार वा वकील म्हणून नव्हे, तर न्यायाधीश म्हणूनही येणार आहे.

पदवी व सनद मिळाल्यावर या वाटेस वळणाऱ्या तरुणाने एक गोष्ट समजून असावी. या कामात फी थोडी आणि कागदपत्रे पुष्कळ असतात, म्हणून अपघाताचे दावे, सेवाविषयक प्रकरणे किंवा विधी सहाय्याची नेमणूक यांची जोड द्यावी लागते. २०१६ च्या अधिनियमाने प्रत्येक विशेष न्यायालयासाठी विशेष सरकारी वकिलाचे पद ठेवले असून त्यास किमान ७ वर्षांच्या वकिलीची अट आहे. तेथपर्यंतची सात वर्षे तालुक्यात घालविलेला वकील त्या पदास अधिक लायक ठरेल, असे वाटते.

८. अद्याप उरलेले काम

शिरूरचा प्रश्न २०१६ च्या अधिनियमाने पूर्णतः सुटला असे मानणे घाईचे होईल. कलम १० ने मनाई केली, परंतु त्या मनाईच्या भंगास कलम ९२ मध्ये स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. तेथे सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा आहे ती संमतीवाचून केलेल्या गर्भपातास, आणि त्यासही तीव्र दिव्यांगत्वाच्या बाबतीत पालकाच्या संमतीचा अपवाद जोडला आहे. संमतीवाचून गर्भाशय काढल्यास या अधिनियमाखाली उरतो तो कलम ८९ चा सर्वसाधारण दंड, पहिल्या भंगास १०,००० रुपयांपर्यंतचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने निर्बीजीकरणास केलेली मनाई मानसिक आजारावरील उपचारापुरती आहे, आणि त्या अधिनियमाच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व पुन्हा वगळलेलेच आहे. १९९९ चा पालकत्वाचा अधिनियम आणि २०१६ चे मर्यादित पालकत्व हे दोन्ही आज शेजारी शेजारी नांदत आहेत. एकात पालक व्यक्तीच्या जागी उभा राहतो, दुसऱ्यात तिच्या शेजारी.

या दोन कल्पनांपैकी कोणती टिकावी याचा निर्णय विधिमंडळात होईल तेव्हा होईल. तोवर तो एकेका प्रकरणात, एकेका अर्जावर होत राहणार आहे. स्थानिक स्तर समितीपुढे येणाऱ्या पालकत्वाच्या अर्जात ‘संबंधित व्यक्तीचे स्वतःचे म्हणणे’ असा परिच्छेद वकिलाने न चुकता घालावा, ते म्हणणे शब्दांत नसेल तर कशा प्रकारे कळले ते लिहावे, आणि समितीने ते विचारात घेतल्याची नोंद आदेशात मागावी. अशी नोंद करण्यास अर्ध्या पानाहून अधिक जागा लागत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या एकेका मुलीच्या कागदावर तेवढे अर्धे पान सक्तीचे असते, तर ते लिहिण्यासाठी कोणास तरी प्रथम तिच्याशी बोलावे लागले असते.